पश्चिमेची भिंत

उसाच्या फडात पाचट पेटवलं की त्याची काजळी वाऱ्यावर चढून शहरात येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. काळी, हलकी, बोट लावलं की पसरणारी. यंदा फाल्गुनात कोल्हापुरातल्या माझ्या खोलीपुढच्या गच्चीत ती पांढऱ्या ओढणीवर दिसली आणि मी ओढणी न झटकता तशीच उभी राहिले. आता गाळप संपणार, कारखान्यांच्या दारातल्या ट्रॅक्टरांच्या रांगा मोडणार, आणि रिकाम्या झालेल्या रानांवरून ऊन सरळ अंगावर येणार. लहानपणी मला हे दिवस आवडायचे. परीक्षा, कलिंगडं, अनवाणी पायांना पोळणारी शहाबादी फरशी. आता हे दिवस आले की मला एक भिंत आठवते.

त्याच संध्याकाळी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हुपरीला दिलेली.

"काय करतीयास?"

"काही नाही."

"मग ये की हिकडं. भिंत तापाय लागली."

दूध उतू जायला आलंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं. आप्पा कसे आहेत, मी विचारलं. आप्पा म्हणजे तिचे सासरे. ती म्हणाली, "पडल्यात. कालपास्नं म्हणत्यात, भाकऱ्या भिंतीवरच भाज, गॅस वाचंल."

मी हसले. ती हसली नाही.

ती भिंत मी बांधून घेतली आहे. नकाशा माझा, हट्ट माझा. दिराशी वाटणी झाली तेव्हा आक्काच्या वाट्याला आलेली जागा अकरा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल होती. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे कुणाचं तरी दुमजली गोदाम. एकच बाजू मोकळी, पश्चिमेची. तिथं बोळ, आणि बोळापलीकडं झाडाचं नाव नसलेला माळ. दुपारी दोनपासून सूर्य त्या माळावरून घराकडं बघायला लागतो तो मावळेपर्यंत नजर काढत नाही. मी तेव्हा नुकताच तंत्रनिकेतनातला बांधकामाचा डिप्लोमा संपवला होता आणि माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं.

ते उत्तर कुठून आलं तेही सांगते. आमचे वडील छापखान्यात कामाला होते. पाण्यासाठीचे मोर्चे, मजुरीचे लढे, बुवाबाजीविरुद्धच्या सभा, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जायची आणि जास्तीची घरी यायची. फळीवर अंथरायला, पुस्तकांना कव्हरं घालायला, भाजीवर झाकायला. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. आई भाकरी थापत असायची आणि मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायची, "बंधुभगिनींनो, आता गप्प बसून चालणार नाही!" आई म्हणायची, "गप्प बस जरा." त्या कागदांनी मला राग दिला, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण पत्रकाला 'बहुतेक' हा शब्द माहीत नसतो. पत्रक कधी म्हणत नाही की तुमच्या बोळात जाऊन एकदा बघून या.

सूर्य आणि घर यांच्याबद्दलचं पहिलं पुस्तक वाचलं तेव्हा मला वाटलं, हाही एक लढाच आहे. विजेचं बिल न भरता घर गार ठेवता येतं, ऊबदार ठेवता येतं, नुसती दिशा आणि भिंत आणि सावली यांच्या जोरावर, आणि हे गरिबाला कुणी सांगितलेलं नाही! मी दोन पानी पत्रक काढलं. वर लाल अक्षरांत: 'ऊन फुकट आहे, सावलीही फुकट मिळाली पाहिजे!' खाली सहा नियम. दुसरा नियम: 'पश्चिमेची भिंत जाड आणि बंद ठेवा.'

आक्काच्या घराचं काम घेतलं इब्राहिम मिस्त्रींनी. साठीचे, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. पाया आखून झाल्यावर त्यांनी माझा नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला.

"ताई, खिडकी कुठाय?"

"खिडकी नाही. दारावर छोटी झडप आहे तेवढी पुरे. पश्चिमेचं ऊन आत येता कामा नये."

"ऊन न्हाय येणार. वारं तर येणार का? आपल्याकडं वारं तिकडनंच हाय की."

"भिंत दीड विटेची घ्यायची. जाड भिंत आत थंड राहते. तुमच्या गावातलं जैन मंदिर, ती बस्ती बघा, दगडाची. वैशाखात आत गेलं तरी कसं गार वाटतं."

मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. "बस्तीला चारी बाजूंनी आवार हाय, पिंपळ हाय. आन् बस्तीत कोण चूल पेटवत न्हाय, ताई."

मी पिशवीतून पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नीट चौघडी घालून खिशात ठेवलं. "बरं. तुमी शिकल्याल्या," एवढंच म्हणाले. त्या वाक्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित ऐकलंही असतं.

हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं, आक्काच्याही. दाजी दिवसभर एका पॉलिशच्या कारखान्यात असतात. घरात आक्का पैंजणांच्या कड्या गुंफते आणि गॅसच्या बारीक ज्योतीवर त्यांचे सांधे जोडते. सांध्यावर आधी पूड भुरभुरायची, मग ज्योत लावायची. पूड वितळते, चमकते आणि कडी बंद होते. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम, पण त्या वेळात हवा हलता कामा नये. पंखा लावला की ज्योत आडवी पडते, पूड उडते, सांधा कच्चा राहतो. म्हणून ज्या घरात गॅस पेटतो त्या घरात पंखा बंद असतो. सकाळी दहापासून सहापर्यंत, वैशाखातसुद्धा. हुपरीच्या कुठल्याही लहान मुलाला हे माहीत आहे. मलाही माहीत होतं. आक्काच्या लग्नापासून मी त्या घरात जेवत होते. पण नकाशा काढताना मी घराचा विचार केला, तिशीतली एक बाई पाटावर वाकून बसते त्याचा नाही. माझ्या सहा नियमांत पाट नव्हता.

आणि पलंगही नव्हता. आप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पन्नास वर्षं त्यांनी त्याच ज्योतीपुढं काढली होती. आता ते त्याच खोलीत पलंगावर पडून दुसऱ्याची ज्योत बघत होते. पलंग कुठं ठेवायचा हे त्यांनीच ठरवलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून, दाराशेजारी. "बोळातलं बोलणं ऐकू येतंय," म्हणाले. "न्हाईतर मेल्यागतच हाय की."

माघात घर लावलं. माझी भिंत सगळ्यांना आवडली. माघातल्या संध्याकाळी ती ऊबदार असायची. आक्का दिवसभराची वाकलेली पाठ तिला टेकवून बसायची आणि डोळे मिटून म्हणायची, "आई गं." आप्पा डावा हात भिंतीवर फिरवायचे. बोळातले तिघेजण घर बघायला आले. मी तिघांनाही पत्रक दिलं. त्यातल्या एकानं पुढच्याच महिन्यात आपली पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवली.

त्याच दिवसांत मी शिरोळकडच्या एका गावात गेले होते. पुरात घरं गेलेल्या माणसांना उंचावर नवी वसाहत दिली होती. उंचावर म्हणजे उघड्या माळावर. पत्र्याची घरं एका रांगेत, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं, कारण कागदावर रेघा रस्त्यावरून मारल्या जातात. दुपारी एकही बाई घरात नव्हती. सगळ्या एका पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या आणि सावली सरकेल तशा सरकत होत्या, निवडायचं सूप घेऊन, झोपलेलं पोर उचलून. मी पत्रकं वाटली, नियम वाचून दाखवले. जाड भिंत, दक्षिणेची पडवी, घराभोवती झाडं. एका म्हातारीनं कागद उलटापालटा केला. "बाई, ह्यात आमच्या पत्र्याचं काय लिवलंय?"

"पुढच्या पत्रकात लिहीन, आज्जी."

"लिव. तवर आमी हितंच हाय."

मी एसटीत बसून त्या वसाहतीच्या कागदावर रेघा मारणाऱ्यांवर संतापले. घराचं तोंड कुठं करायचं हे ज्याला निवडता येतं तो आधीच अर्धा सुखी असतो. बाकीच्यांना उरलेली दिशा मिळते. हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण तेव्हा एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना मला आक्काची भिंत आठवून बरं वाटत होतं. उरलेल्या दिशेलाही आपण जिंकलं, असं.

मग चैत्र आला.

आधी बाटलीतलं खोबरेल तेल पातळ झालं आणि परत घट्ट झालंच नाही. मग कोनाड्यातली मेणबत्ती वाकली. सकाळी आणलेलं दूध दुपारी फाटायला लागलं. दुपारी आत गेलं की खरंच जरा बरं वाटायचं, बाहेरच्या मानानं, आणि मी त्यावर खूश व्हायची. पण भिंत दुपारभर ऊन खात असायची. पाच वाजले की ते ती आतल्या बाजूला सोडायला लागायची. हात ठेवला तर काढावासा वाटायचा. रात्रीचे दहा वाजले तरी ती तशीच. पुस्तकात हे लिहिलं होतं. जाड भिंत ऊन उशिरा आत देते, म्हणून रात्री वारा खेळता ठेवून तिला निववायची. वारा मी बुजवला होता. पुस्तक खोटं नव्हतं. ते रात्री थंडी पडणाऱ्या, चारी बाजूंनी मोकळ्या घरांसाठी लिहिलं होतं, आणि मी ते अकरा फुटांच्या बोळकांडीत आणून उभं केलं होतं.

त्यात आक्काचं सासर जैन. आप्पा दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. म्हणजे स्वयंपाक साडेचार-पाचला. बरोबर त्याच वेळी, जेव्हा ऊन दारातून आडवं येतं, भिंत ओकायला लागते आणि गॅसवर शेवटच्या कड्या चाललेल्या असतात. एकाच खोलीत चार आगी. मी एकदा त्या वेळी आत उभी राहिले आणि घड्याळात बघून पाच मिनिटांत बाहेर आले. बाहेर आल्याची लाज वाटून परत आत गेले.

आक्काच्या हनुवटीवरून घामाचा थेंब तापलेल्या चांदीवर पडायचा आणि चर्र व्हायचं. ती मनगटानं कपाळ पुसायची, कारण बोटांना पूड लागलेली असायची.

"आक्का, जरा पंखा लाव. आप्पांकडं बघ."

ती हात पुढं करायच्या आत पलंगावरून जडशीळ आवाज यायचा, "पंखा बंद! सांधा जायाचा!"

"आप्पा, जरा वेळ. तुमचं अंग बघा, नुसतं घामोळं."

"माझं अंग काय इकायचं हाय? माल इकायचा हाय." मग माझ्याकडं मान वळवून, "पावणं, लांब का बसलाय? या, पाठ शेकून घ्या. तुमचीच भिंत हाय."

कुणी आलं की ते हेच म्हणायचे. हसवायला. मी मनातल्या मनात एक-एक नियम खोडत होते. एसी लावा, असं सांगणारेही भेटले. गॅसची ज्योत आणि चांदी उजळायच्या ॲसिडचा वास असलेल्या खोलीची दारं लावून! कूलर म्हणजे पंखाच. मी भिंतीवर बाहेरून ओली पोती टांगली. बोळातून जाणारा प्रत्येकजण विचारायचा, "काय, भिंतीला ताप आलाय व्हय?" स्लॅबवर चुना मारला, मडकी पालथी मांडली. खोलीतला उष्मा तसूभर कमी झाला. पण हवा तीच, दुपारची, वापरलेली, आतल्या आत फिरणारी.

वैशाखात एका संध्याकाळी, भाकऱ्या चालू असताना, आप्पांनी बोलणं थांबवलं. त्याआधी ते बराच वेळ काहीतरी बडबडत होते. आक्काच्या नवऱ्याला लहानपणीच्या नावानं हाक मारत होते, भट्टीत चांदी उकळली म्हणत होते. आम्हाला वाटलं, चेष्टा. मग आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली आणि हात तसाच ठेवून म्हणाली, "ह्यांना घाम येईनासा झालाय."

मी कपाळाला हात लावला. कोरडं. भिंतीइतकं गरम.

आम्ही दोघींनी पलंगच उचलला. दारातून तो तिरका करून काढावा लागला. दारही मीच अरुंद ठेवलं होतं, ऊन कमी यावं म्हणून. पलंगाची कड चौकटीत अडकली. आक्का ओरडली, "उचल की वर! उचल!" त्या अर्ध्या मिनिटात मी माझं सगळं शिक्षण, सगळी पत्रकं, लाल अक्षरं, सगळ्याला शिव्या घातल्या. बोळात उभ्या असलेल्या टेम्पोच्या सावलीत पलंग ठेवला, ओली चादर घातली, कुणीतरी रिक्षा आणली. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आप्पा आठ दिवस होते. वाचले. पण जी जीभ जड होती ती आता आणखी जड झाली. आता ते एका वेळी एखाद-दुसराच शब्द बोलतात, तोही आक्कालाच कळतो. भाकऱ्यांची चेष्टा ती मला सांगते, तेव्हा ती त्यांच्या एका शब्दाला आपली शेपटी जोडत असते, हे मला माहीत आहे.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पुढचा उन्हाळा यांना त्या खोलीत काढू देऊ नका. या वयात दुसऱ्यांदा हे झेपणार नाही."

तो पुढचा उन्हाळा म्हणजे हा.

त्या खोलीत नाही तर कुठं? माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. दिराच्या घराशी बोलणं नाही. मी तीही पायरी चढून आले, हात जोडले. चहा मिळाला. पावसाळाभर आणि हिवाळाभर मी आक्काला सांगत राहिले, काहीतरी करू, आणि वहीत चित्रं काढत राहिले. बांबूच्या ताटीवर घोसाळ्याचा वेल चढवून भिंतीला सावली द्यायची. पण वेल दोन महिने घेतो, आणि तो भरतो तेव्हा ऊन निम्मं संपलेलं असतं. तरी बी लावलं. आत्ता तो गुडघ्याएवढा आहे.

आक्काचा तो फोन आल्यावर मी मिस्त्रींकडं गेले तेव्हा ते दारात टोपी झटकत होते. काय म्हणायचं ते मी वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. आत जाऊन हातोडा आणि छिन्नी पिशवीत घालून आले. "चला. बारकी पहार आक्काच्या शेजारी हाय, ती घिऊ."

"मिस्त्री, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"मी तरी कुठं मोठ्यानं बोललो?" असं म्हणून ते पुढं चालायला लागले.

मी असं ठरवलं होतं: भिंतीत पलंगाच्या उंचीला तिरक्या विटांची जाळी काढायची. विटा अशा वळवायच्या की ऊन विटेवर अडावं आणि वारा वळून आत यावा. आणि खोलीतली तापलेली हवा वर निघून जावी म्हणून स्लॅबला भोक पाडून त्यावर टोपी बसवायची. जाळीतून आलेला वारा पलंगावरून जाईल आणि वर निघेल. वहीत हे फार सुंदर दिसत होतं. मला भोक पलंगाच्या वरच हवं होतं, म्हणजे वारा पाटापर्यंत पोचणारच नाही. मिस्त्रींनी स्लॅबवर चढून पाय आपटून बघितले. "हितं पाण्याची टाकी, हितं तुळई. फोडलं तर खाली येईल सगळं. मागंच जमंल, मोरीपाशी."

म्हणजे वारा पलंगावरून निघून, पाटावरून, ज्योतीवरून जाऊन मागं वर चढणार. दुसरी वाट नव्हती. अकरा फुटांत वाऱ्याला आणि माणसाला एकच वाट असते.

भिंत फोडून जाळी आणि वरचं भोक काढायला दोन दिवस लागले. माझी दीड विटेची भिंत. इतकी घट्ट होती की मिस्त्री प्रत्येक विटेपाशी थांबून दम खात होते, आणि मला त्यांच्या बांधकामाचा अभिमान वाटत होता आणि प्रत्येक घावाला रडू येत होतं. आप्पांना त्या दोन दिवसांत बोळात सावलीला ठेवलं होतं. येणाजाणाऱ्यांना ते डावा हात वर करून दाखवत होते, बघा, माझ्यासाठी भिंत पडतीय.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही पलंग आत घेतला. जाळीतून वारा येत होता. मी तळहात धरला, खरंच येत होता, माळाचा वास घेऊन, कोमट, पण चालता. मिस्त्री मोरीपाशी उकिडवे बसले. आक्कानं पाट मांडला, गॅस सुरू केला, काडी ओढली.

ज्योत उभी राहिली आणि लगेच मागं झुकली. स्लॅबमधल्या भोकाकडं, जणू तिकडून कुणी तिला ओढत होतं.

पलंगावरून एकच शब्द आला. "हलतीया."

आक्कानं जागा बदलली, भिंतीच्या अगदी कडेला सरकली. "हलतीया." आप्पांचं सगळं शरीर गेलं तरी डोळे कारागिराचे होते. मग मिस्त्रींनी पत्र्याचा तुकडा आणून पाटाभोवती तीन बाजूंनी उभा केला. ज्योत सुईसारखी सरळ झाली. मी आनंदानं मिस्त्रींचा हात धरला. आक्कानं एक सांधा जोडला, दुसरा जोडला, पाचवा जोडता जोडता तिचा चेहरा तांबडाबुंद झाला. दहा मिनिटांत तिनं गुडघ्यावर हात टेकून उठून पत्रा बाजूला ढकलला.

"भट्टीत बसल्यागत हाय गं. आप्पांच्या जागी आता मला मारतीस व्हय?"

ती चेष्टेत म्हणाली. नंतर तिलाच कसंतरी झालं, तिनं माझ्या दंडाला हात लावला, पूड लागलेली बोटं तशीच.

आम्ही जाळीच्या वरच्या दोन रांगा पोत्यानं बुजवल्या. ज्योत बरीचशी थांबली. पण आप्पांच्या अंगावरच्या चादरीची कडही थांबली. खालच्या बुजवून वरच्या उघडल्या. मग चादर हलत नव्हती आणि ज्योत हलत होती, दोन्हीकडून वाईट. मी जमिनीवर बसून वहीत रेघा ओढत होते. मिस्त्री म्हणाले, "ताई, वारं एवढुसं हाय. पलंगाला दिलं की पाटाला लागतंय. पाटाला अडवलं की पलंगाला मिळत न्हाय." त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं, जसं डॉक्टर बाहेर बोलावून सांगतात.

"संध्याकाळी माल द्यायचाय," आक्का म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

"सगळी पोती काढा," मी म्हणाले. "एकदा पुन्हा बघू."

मिस्त्रींनी पोती काढली. वारा आला. आप्पांचे कपाळावरचे पांढरे केस उडाले. ज्योत झुकली. आम्ही तिघंही पलंगाकडं बघत होतो, तो शब्द ऐकायला. आप्पांनी ओठ उघडले, "हल..." आणि तिथंच थांबले. आक्का पाटावरून अर्धी उठली.

आप्पा झोपले होते. तोंड अर्धवट उघडं, छाती संथ वरखाली होत होती. चादर घोट्यापाशी फडफडत होती. आक्का नंतर म्हणाली, काजळी पडायला लागल्यापासून ते दिवसा एकदाही झोपले नव्हते.

ज्योत आडवी जळत होती. आक्काच्या हातात अर्धं जोडलेलं पैंजण होतं. तिनं ज्योतीकडं पाहिलं, पैंजणाकडं पाहिलं, पलंगाकडं पाहिलं. मग गॅसची चावी फिरवली. सूं आवाज बंद झाला आणि खोलीत इतकी शांतता झाली की जाळीतून येणारा वारा ऐकू यायला लागला.

मिस्त्री चपला हातात घेऊन बाहेर गेले.

आक्का दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. दिवसाउजेडी तिचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. ते हात बसून राहायला शिकलेलेच नव्हते. बोटं आपोआप कडी शोधत होती. तिनं माझ्याकडं न बघता, आप्पांची झोप मोडू नये म्हणून अगदी ओठांतल्या ओठांत विचारलं,

"आता रोज असंच बसू व्हय मी?"

मी मांडीवरची वही मिटली. बाहेर माळावर ऊन पांढरं पडलं होतं. चैत्राचा तो दुसराच दिवस होता.